थर्टलबाईंची अंगठी आणि माझे तयार कान

माझे कान तयार आहेत, हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यातल्या शाळांचे, चॅपेलांचे, पबांचे पियानो सुरात लावणं हा माझा धंदा. एखादी तार केसभर उतरलेली असली तरी मी दारातूनच तोंड वाकडं करायचो, म्हणजे गिऱ्हाईक आधीच दबून जायचं. निवृत्त झाल्यावर या कानांचं करायचं काय, असा प्रश्न पडला. माझी बायको पॉलीन म्हणाली, "माझं ऐकायला वापर की, मॉरिस." म्हणून मी मेटल डिटेक्टर घेतला.

यंत्र साधंच. लांब दांडी, टोकाला ताटली, कानावर हेडफोन. जमिनीत लोखंड असलं की ते खाकरल्यासारखं करतं, चांदीचं नाणं असलं की उंच किणकिणतं. आमच्या हौशी शोधकांच्या क्लबातली मंडळी आवाज आला रे आला की खोदायची. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. अंदाधुंद खोदायचं ते बहिऱ्यांनी. मला आवाजावरून खाली काय आहे ते कळतं, असं मी पहिल्याच सभेत सांगून टाकलं. बिअरच्या डब्याची ओढून काढायची कडी असते ना, तिचा सूर तर मी झोपेतसुद्धा ओळखला असता. मधल्या पट्टीतला, थोडा नाकातला, हलका सूर. शेतोशेती या कड्या पडलेल्या असतात, आणि त्या उकरून बाकीच्यांचे गुडघे गेले. मी मात्र तो सूर ऐकला की नाक वर करून पुढे.

बाकीच्यांना सापडायचं. कुणाला मध्ययुगातली चांदीची नाणी, कुणाला तर ट्यूडर राजांच्या काळातली सोन्याची अंगठी, वर निळा खडा. मला सापडली बटणं, बंदुकीच्या गोळ्या आणि खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं एक चाक. सोनं सापडलं की सापडलेल्या जागी नाचायचं, अशी आमच्यात रीत आहे. साठी-सत्तरीची माणसं चिखलात गुडघे उडवत नाचतात. मला हे फार पोरकट वाटतं, असं मी उघडपणे म्हणायचो. गॅरेजचं दार लावून मी त्या नाचाचा सराव करायचो, हे फक्त पॉलीनला माहीत होतं, कारण गॅरेजला खिडकी आहे.

थर्टलबाईंचं शेत मला मिळालं ते असंच, बाकी कुणी परवानगी देईना म्हणून. बाई चौऱ्याऐंशीच्या. दार उघडून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "तू तोच ना, चॅपेलचा पियानो लावणारा? तू येऊन गेलास आणि तो आणखी बिघडला."

"हवेत दमटपणा होता, मिसेस थर्टल."

"दमटपणा तू यायच्या आधीही होता. ये आत. चहा घेणार?"

थर्टलबाई मूळच्या यारमथ बंदरातल्या, हेरिंग मासळीवाल्या घरातल्या. लहानपणापासून हात मासे साफ करण्यात. सिरिल थर्टलशी लग्न करून या शेतावर आल्या, तेव्हा त्यांना बीट आणि मुळा यांतला फरक कळत नव्हता म्हणे. मग सगळं केलं. वसंतात थंडगार वाऱ्यात बीटाची विरळणी, नाताळाआधी टर्की कोंबड्यांची पिसं काढणं, रविवारी चॅपेलात तो बिघडलेला पियानो वाजवणं. सिरिल अबोल माणूस. बाई सांगायच्या, "आमच्या घरात बोलायचं काम माझं होतं. तो मान हलवायचा. लग्नाला होकारसुद्धा त्याने मान हलवूनच दिला, आणि विचारलं होतं मी."

शेतावर फिरायला त्यांनी एकच अट घातली. "जुनंपुराणं सोनं सापडलं तर तुझं आणि सरकारचं काय ते तुम्ही बघा. मला माझी अंगठी शोधून दे."

लग्नानंतरच्या दुसऱ्या वसंतात घराच्या मागच्या शेतात विरळणी करताना त्यांची लग्नाची अंगठी बोटातून निसटली होती. थंडीने बोटं बारीक झालेली, कधी गेली कळलंच नाही. संध्याकाळी भांडी घासताना बघतात तर बोट मोकळं. अंगठी साधीच, पातळ, पण ती घेण्यासाठी सिरिलने आपली मोटरसायकल विकली होती. त्याला सांगायची बाईंची छाती झाली नाही. कोठीच्या पडद्याची एक पितळी कडी काढली आणि बोटात घातली. दुसऱ्या दिवशी सांगू, म्हणता म्हणता जन्म गेला.

"आणि त्यांच्या लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"पुरुषांच्या लक्षात काय येतं? बोट हिरवं व्हायचं माझं. दर शनिवारी व्हिनेगरने घासायचे. त्याला वाटायचं, लोणची घालतेय."

सिरिल जाऊन अकरा वर्षं झाली होती. कडी अजून त्यांच्या बोटात होती, सैल, चकचकीत.

मी चार हिवाळे ते शेत पिंजून काढलं, आणि एक दिवस चहा पिता पिता बाईंना ठामपणे सांगितलं, "तिथे अंगठी नाही, मिसेस थर्टल. असती तर माझ्या कानांनी ऐकली असती. नांगराने कुठेतरी ओढून नेली असणार." बाईंनी मान हलवली. माझ्यासारख्या माणसाने सांगितलं म्हणजे खरंच असणार, असा चेहरा केला. त्या चेहऱ्याचं मला किती बरं वाटलं होतं!

मग त्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने शेत विकलं. तिथे घरं होणार होती. सप्टेंबरअखेर बाईंनी शहरातल्या एका बंगलीत राहायला जायचं ठरलं. त्या मला म्हणाल्या, "बंगलीचं काही नाही रे. पण सिरिलच्या शेजारी माझी जागा राखून ठेवलीय. तिथे काय पडद्याची कडी घालून जाऊ? वर गेल्यावर तो पहिल्यांदा हातच बघेल." त्या हसत हसत म्हणाल्या, पण डोळे पुसले.

घरी येऊन मी पॉलीनला सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "पण करणार काय? अंगठी तिथे नाहीच."

पॉलीनने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "यंत्र आण स्वयंपाकघरात." तिने टेबलावरचे चमचे-सुऱ्या काढल्या, दोन कप पालथे घातले, मला पाठ करायला लावली आणि त्यांच्याखाली काहीतरी ठेवलं. "हं. सांग, कशाखाली काय आहे?"

मी हेडफोन चढवले. यंत्र पहिल्या कपावरून फिरवलं. हलका, नाकातला सूर. "डब्याची कडी." दुसऱ्यावरून फिरवलं. तोच. पुन्हा फिरवलं, डोळे मिटून, मैफलीत बसल्यासारखं. "हीसुद्धा कडीच. दोन्हीकडे कडीच ठेवलीस तू. ही लबाडी आहे."

तिने दुसरा कप उचलला. खाली तिची लग्नाची अंगठी होती.

"तीस वर्षं घालतेय मी ती," पॉलीन म्हणाली. "बरं झालं कळलं, कडी आहे ते."

नंतर क्लबात विचारलं तर एक जण म्हणाला, "म्हणजे काय! सोन्याची अंगठी आणि डब्याची कडी यंत्राला सारखीच. म्हणून तर आम्ही कड्या खोदतो. तुला माहीत नव्हतं?" सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला बोलू दिलं नव्हतं. चार हिवाळे मी थर्टलबाईंच्या अंगठीवरून, कदाचित दहादा, नाक वर करून गेलो होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवण गेलं नाही. पॉलीनने मटणाचं ताट झाकून ठेवलं.

सातूची कापणी झाली होती, धसकटं उभी होती. बांधकामाची यंत्रं येऊन माती उकरायला लागायच्या आत मी रोज त्या शेतात जाऊ लागलो आणि तो सूर ऐकला की खोदू लागलो. प्रत्येक. राणीच्या ज्युबिलीला अख्ख्या गावाने त्या शेतात जत्रा भरवली होती म्हणे, आणि काय प्यायले होते हो ते लोक! खिसे कड्यांनी भरून मी खुळखुळत घरी यायचो. गुडघे गेले, कंबर गेली. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायच्या. मी का पुन्हा शोधतोय हे त्यांना सांगितलं होतं, सगळं, कपांसकट. त्या एवढंच म्हणाल्या, "पियानोचं मग काय आश्चर्य!"

त्या दिवशी वारा पडला होता. कुंपणापासून थोड्या अंतरावर तोच नाकातला सूर आला. वैतागून फावडं मारलं, ढेकूळ फोडलं, आणि मातीतून पिवळं चमकलं. सोनं मातीत काळं पडत नाही. जसं पडतं तसंच वर येतं.

मी नाचलो. गुडघे, हात, गिरकी, सगळं. गॅरेजात केला होता त्याहून वाईट नाचलो. एक फेझंट पक्षी घाबरून उडाला. गिरकी संपवून वळलो तर थर्टलबाई घरातल्या सपाता घालून धसकटांतून धावत येत होत्या. धावत म्हणजे त्यांच्या वयात जमेल तशा. एक हात पुढे केलेला, आणि त्या हाताची बोटं मोकळी. पडद्याची कडी त्यांनी वाटेतच काढून टाकली होती.

"आण! आण इकडे!"

मी आतापर्यंत हातातली वस्तू नीट पाहिलीच नव्हती. अंगठ्याने माती पुसली. जाड, रुंद अंगठी. बाहेरून कोरलेली पानं. आतल्या बाजूला अक्षरं, जुन्या वळणाची. तीन-चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी दिलेली.

बाईंनी एकदाच बघितलं. "ही माझी नाही."

"नाही," मी म्हटलं. मला तिथेच खड्ड्यात जावंसं वाटलं. सगळा क्लब ज्यासाठी जन्मभर खपतो ते माझ्या तळहातावर होतं, आणि मी त्या बाईची माफी मागत होतो.

"आत काय लिहिलंय?"

मी चष्मा वर करून एकेक अक्षर लावलं. "'मरेपर्यंत जपेन.'"

बाई हसू लागल्या, अगदी कमरेत वाकून. "काय जपली हो बाईनं! चांगली बीटाच्या शेतात जपली! तिने काय घातलं असेल रे बोटात? तेव्हा पडदे होते का?" मीही हसलो. ती अंगठी कायद्याप्रमाणे मी जमा केली. आता ती संग्रहालयात काचेखाली आहे, आणि चिठ्ठीवर माझ्या नावाऐवजी 'एका हौशी शोधकाला सापडली' असं लिहिलंय. पण ते नंतरचं. तेव्हा बाई हसता हसता थांबल्या आणि आपल्या बोटाकडे बघून म्हणाल्या, "माझी कडी कुठेय?"

त्यांनी कुठे टाकली त्यांनाच आठवेना. "ती तरी शोध," त्या म्हणाल्या. "ती तरी राहू दे."

मग मी यंत्र बंद केलं. वर पडलेल्या वस्तूला यंत्र कशाला? घराच्या बाजूने सुरुवात केली. मान खाली, हात मागे, एक पाऊल, थांबायचं, बघायचं, पुढचं पाऊल. शेताच्या टोकाला जाऊन वळायचं, परत यायचं. बाई बांधावर उभ्या होत्या. तिसऱ्या फेरीला धसकटाच्या बुडाशी कडी सापडली. मी ती उचलून वर धरली, पण बाई कडीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"सिरिल असाच चालायचा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सहज आठवण आली असेल. "कुठे?"

"इथेच. दर वर्षी नांगरट झाली की, पाऊस पडून गेला की. रविवारी चॅपेलातून आलं की. मान खाली, हात मागे. शेवटच्या वर्षी काठी घेऊन. मी विचारायचे, काय करतोस? म्हणायचा, पाण्याचे चर बघतोय." त्यांनी उताराकडे बोट दाखवलं. "चर या शेतात नाहीतच. चर खालच्या शेतात आहेत. तिकडे कधी नाही गेला असा. फक्त इथे."

मी कडी घेऊन बांधापाशी आलो.

"आणि दर नाताळाला पितळ चकचकीत करायच्या पॉलिशचा डबा द्यायचा मला," त्या पुटपुटल्या. "घोड्यांच्या साजासाठी म्हणायचा. घोडे आमचे लग्नाआधीच विकलेले रे, मॉरिस."

मग त्या शेताकडे तोंड करून ओरडल्या, "मेल्या! एक शब्द बोलला नाहीस! आणि मी म्हणे तुला फसवत होते!" मग तिथेच बांधावर बसल्या आणि रडल्या. मी शेजारी बसलो. रुमाल द्यायला खिशात हात घातला तर दोन मुठी डब्याच्या कड्याच बाहेर आल्या.

शेवटी त्यांनी हात पुढे केला. ती पितळी कडी मीच त्यांच्या बोटात घातली.

"हीच राहू दे," बाई म्हणाल्या. "हीच ओळखीची आहे त्याच्या." डोळे पुसून त्या उठल्या, सपातांतली धसकटं झटकली. "आणि उद्या आलास तर नुसता चहाला ये. यंत्र नको आणूस. सिरिलनं शोधून झालंय ते शेत."