कुरुंद्याचा पाय, मनालीचा बर्फ

"पहिलं बाळंतपण अन् माहेरी न्हाई? असं कुठं असतंय व्हय?" माझ्या नणंदबाई सुशीलाताई यांनी अंगणात बसून हा प्रश्न टाकला आणि चहाची बशी तोंडाला लावली.

माझी लेक मनू मनालीच्या वरच्या अंगाला एका खेड्यात राहते. जावई जयंतराव दूर वीजप्रकल्पावर कामाला, आठ-पंधरा दिवसांनी घरी येणार. डॉक्टरांनी मनूला लांबच्या प्रवासाला साफ मनाई केली होती, म्हणजे माहेरी, कुरुंद्याला येणं बंद. तारीख जानेवारीतली, ऐन बर्फातली, आणि दवाखाना खाली मनालीत. "ताजा बर्फ पडला की टॅक्सीवाले वर येत नाहीत गं आई," ती फोनवर हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही. तिच्या दारात जयंतरावांची गाडी उभी होती, फक्त चालवायला कुणी नव्हतं.

"मी चालवते," मी जाहीर केलं.

"बर्फात? येड लागलं का तुला?" हे म्हणाले.

"काहून? पावसाळ्यात रानाच्या चिखलातून पिकअप कोन काढतंय?"

हळद काढणीला आलेली, त्यामुळे ह्यांना गाव सोडता येईना. मी एकटीच निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. नांदेडहून अमृतसरकडे जाणारी गाडी धरायची आणि दिल्लीला उतरायचं. स्लीपरचं तिकीट परवडतं, पण थंडीत खिडकीशेजारची जागा घेऊ नका, वाऱ्यानं कान बधिर होतात. दिल्लीहून मनालीची बस मिळते. गरम कपड्यांवर इथं पैसे घालवू नका, तिकडे स्वस्त आणि खरोखरचे गरम मिळतात. माझ्या सामानात कपडे कमी आणि डिंकाचे लाडू, ज्वारीचं पीठ, घरची हळद जास्त होती. शेजारच्या सरदारजींनी एक लाडू खाल्ला आणि दिल्लीपर्यंत माझी बॅग त्यांनीच सांभाळली.

मनालीत उतरले तेव्हा ऊन पडलं होतं आणि डोंगर इतके पांढरे, की डोळे किलकिले करावे लागले. वर घरी पोचले आणि मनूचं पोट बघून मला भरून आलं. तिला पोटाशी धरणंही जमेना, आम्ही दोघी तिरप्या उभ्या राहून गळ्यात पडलो. दुसऱ्या दिवशी मी शिकवणी लावली.

तिथे डोलमाजी नावाच्या बाई बर्फात गाडी चालवायला शिकवतात. माझ्याच वयाच्या, गोऱ्यापान आणि तोंडानं फटकळ. नदीकाठच्या एका सपाट मैदानावर आधी त्यांनी मला गाडीवरचा सगळा बर्फ झाडायला लावला, टपावरचासुद्धा. टपावर राहिला तर ब्रेक मारल्यावर तो काचेवर येतो. मग पुढच्या चाकांना साखळ्या बांधायला शिकवलं, कारण त्या गाडीत जोर पुढच्या चाकांना असतो. बोटं सुन्न झाली. लगेच साखळ्या सोडायला लावल्या आणि म्हणाल्या, आता अशीच चालवा.

निघाले दुसऱ्या गिअरमध्ये, हळूच. दहा-बारा हात गेले नाहीत तोच मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी फिरली.

"दीदी, एक्सिलेटर से पैर हटाओ!"

"हटाया!"

"हटाया नहीं, दबाया!"

खरंच दाबला होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आता यात माझ्या डोक्याचा दोष नाही, पायाचा आहे. काळ्या रानात चाक सरकलं की गाडीचा रेटा सोडायचा नाही, हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक असतं. सोडला की चाक बसलं, मग बोलवा ट्रॅक्टर. बाकी महाराष्ट्रात थांबला तो संपला म्हणत असतील, कुरुंद्यात थांबला तो फसला. इतकी वर्षं हेच शिकलेला पाय बर्फावरही तेच करत होता. डोलमाजींनी कपाळावर हात मारला.

त्या संध्याकाळी मी सिड्डू खात बसले होते. वाफवलेली गव्हाची जाड पोळी, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. चव फार छान, पण माझं सगळं लक्ष पायाकडे. मला भीती वाटत होती, उघड सांगते. हा पाय नेमक्या वेळी ऐकला नाही, तर गाडीत मी एकटी नसणार होते.

मग हट्टालाच पेटले. रोज सकाळी मैदान. चाक सरकलं की पाय उचलायचा, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही, आणि नजर दरीकडे न ठेवता जिकडे जायचं तिकडे. मागचं चाक ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला स्टिअरिंग हळूच वळवायचं. उतारावर खालचा गिअर टाकायचा आणि गाडी इंजिनानंच आवरायची. मी स्वयंपाक करतानाही ओट्याखाली उजवा पाय उचलत होते. "आई, भाकरी थाप, ठेका काय धरून राहिलीस?" मनू म्हणायची. इतकी वर्षं उत्तरेत राहून आमच्या बोलीतलं "धरून राहिलीस" काही सुटलं नव्हतं तिचं.

आठवडाभरानं डोलमाजी आरामात बसून चहा प्यायल्या, एकदाही ओरडल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "अब ठीक है. लेकिन छाँव वाले मोड़ पे भरोसा मत करना."

तो दिवस डॉक्टरांच्या तारखेच्या आधीच आला. रात्रभर बर्फ पडून सकाळी थांबला होता आणि मनूला कळा सुरू झाल्या. जयंतरावांचा रस्ता बंद. टॅक्सीवाल्यानं फोनवरच हात जोडले. मी टप झाडला, साखळ्या बांधल्या. मनूला मागच्या सीटवर कुशीवर निजवलं आणि निघाले.

गाडी माणूस चालेल इतक्याच वेगानं जात होती. "आई, लवकर चल ना गं!" मनू कळवळली.

"दमानं, माझे बाई. दमानं."

अर्ध्या वाटेवर देवदारांच्या सावलीतलं वळण लागलं. रस्त्यावरून वाहणारं ओढ्याचं पाणी तिथं गोठून काच झालं होतं. साखळ्या खरडल्याचा आवाज आला आणि तरीही गाडी दरीच्या अंगाला सरकू लागली. मागून मनू ओरडली. माझ्या पायात तीच जुनी शिवशिव आली, दाब, गाडी काढ, दाब. मी पाय उचलला. नजर वळणापुढच्या दगडी भिंतीवर ठेवली आणि स्टिअरिंग धरून राहिले. गाडी सरकली, आणखी सरकली, मग साखळीनं कुठंतरी दात रोवला आणि तोंड रस्त्याकडे वळलं.

दवाखान्याच्या दारात नर्सनं विचारलं, "किसके साथ आई है?" मनू म्हणाली, "माँ के." दुपारच्या आत मला नात झाली. काळेभोर जावळ, आणि आवाज मोंढ्यातल्या लिलावात ओरडणाऱ्या अडत्यासारखा.

मी परतले तेव्हा कुरुंद्यात हळद शिजत होती. आता मागे वळून बघते तर एवढ्या प्रवासातलं माझ्याजवळ काय राहिलं? डोलमाजींनी दिलेला अक्रोडांचा पुडा संपला. पाय मात्र बदलून आला, आणि हे मला भर रानात कळलं. अवकाळी पाऊस झाला होता आणि सुशीलाताईंना शेजारी बसवून मी पिकअप रानातून काढत होते. चाक सरकलं. मी अगदी डोलमाजींच्या शिस्तीत पाय उचलला, आणि गाडी चिखलात जी बसली ती बसलीच.

"बर्फावर चालवली म्हनं!" बांधावरून हे ओरडले आणि ट्रॅक्टर आणायला गेले.

आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो. सुशीलाताईंना जुना विषय आठवला. "काही म्हन, पहिलं बाळंतपण माहेरी झालं न्हाई ते न्हाईच."

"झालं की."

"कुठं?"

"माहेरीच झालं, ताई," मी म्हणाले. "त्या दिवशी माहेर गाडी चालवत होतं."