कुरवंड्यातलं बाळंतपण

तिची नजर बाईच्या तोंडाकडे नंतर जाई, आधी पोटाकडे. लोणावळ्याच्या भाजीबाजारात, देवळाच्या पायरीवर, टांग्यात, कुठेही. पोट दिसलं की ही पुढे सरकून हळूच विचारी, "कितवा?" एकदा वाण्याच्या बायकोला विचारलं. ती बाई नुसती जाड होती. त्या दुकानातून पुढे आम्हाला चांगला गूळ कधी मिळाला नाही.

वाचकहो, हसा, पण कारणही ऐका. ही माझी मैत्रीण पुण्याच्या इस्पितळात नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष. परीक्षेला बसायचं तर लोकांच्या घरी जाऊन बाळंतपणं केलेली हवीत, असा नियम. त्यासाठी ती भावाकडे लोणावळ्याला आली होती. दवाखान्यातले डॉक्टर देखरेख करायला तयार होते. घरं तयार नव्हती. कारण ती विधवा होती. परकर नेसायच्या वयात लग्न झालं आणि त्याच वयात कपाळ पुसलं गेलं.

म्हातारी सुईण विधवा असली तर कुणी विचारत नाही. ही तरुण. तरुण विधवेची नजर उपाशी असते म्हणे, लेकराला बाधते. हे मला कुण्या अडाणी बाईने सांगितलं नाही. विधवांच्या शिक्षणावर ज्यांनी सभेत भाषण केलं आणि ज्यांच्या भाषणाची पत्रकं मी दारोदार वाटली, त्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनीच सांगितलं. "तत्त्व मला मान्य आहे. पण सुनेचं पहिलंच आहे, आणि घरात बायका ऐकत नाहीत."

मी तडक बाहेर आले. ती फाटकाशी उभी होती.

"नाही ना? चल, पुढचं घर."

हे तिचं नेहमीचं. नकार पुरता ऐकूनही घ्यायची नाही. चल, पुढचं घर.

पुण्याला परतायचे दिवस जवळ आले. बाळंतपणं मिळाली नाहीत तर वर्ष बुडणार, आणि आणखी एक वर्ष शिकवायला भाऊ तयार नव्हता. तेवढ्यात डोंगरातल्या कुरवंडे गावाहून डॉक्टरांकडे माणूस आला. सून अडली होती, गावची सुईण तापाने पडली होती. डॉक्टरांनी हिला पाठवलं. सोबतीला मी.

दारात सासू उभी होती. उन्हातान्हात राबलेली, कपाळभर मळवट.

"बाय, तुजं कपाळ?"

"नाही मावशी. मालक नाहीत."

आतून सून ओरडली. सासूने आत पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"हितं ये. लेकराची पयली नजर मोकळ्या कपाळावर नगं."

आणि बोट भरून तिने हिच्या कपाळावर कुंकू लावलं. मग हिरव्या बांगड्या काढल्या.

"काकणं नकोत मावशी. लेकराला लागतील."

"बरं, ऱ्हाऊ दे. पर कुकू पुसू नगंस."

मला राहवेना. "मावशी, तुम्ही हिचा अपमान..."

"तू गप," ती मला म्हणाली. "पाणी उकळलंय का ते बघ."

दिवस कलताना पोर रडलं. मुलगी. आई सुखरूप.

ती हात धुऊन पडवीत आली. सासूने तिला घोंगडीवर बसवलं, गुळाचा चहा दिला, गालावरून हात फिरवला. "लय गुणाची गं माजी बाय." आणि दुसऱ्या हाताने पदराचं टोक ओलं करून तिचं कपाळ पुसलं. खरकटं तोंड पुसावं तसं, सहज.

"झालं. आता नगं ते."

मी सुन्न झाले. सासूमुळे नव्हे. पुसणं सोपं जावं म्हणून हिने मान जराशी पुढे केली होती.

उतरताना मी पेटले होते. "उद्याच पत्रक काढते."

"काढ. गावाचं नाव तेवढं घालू नकोस. त्यांच्या शेजारच्या घरी आठवा आहे."

बरंच अंतर ती माझ्या पुढे चालली. मग पुढे पाहतच म्हणाली, "आरसा नव्हता गं तिथे. कसं दिसत होतं?"

सभेत कुणालाही न ऐकणारी मी एवढंच म्हणाले, "चांगलं दिसत होतं."

"मोठं लावलं होतं?"

"मोठं होतं."

"हं," म्हणाली, आणि भराभर उतरू लागली.

त्या घरानंतर दुसऱ्या घरांनी बोलावलं. प्रत्येक दारात कुंकू लागलं, प्रत्येक दारात पुसलं गेलं. ती परीक्षेला बसली, पास झाली आणि खानदेशात कुठल्याशा इस्पितळात नोकरीला गेली. लोणावळ्याला पुन्हा आली नाही.

पुढे एकदा मी दवाखान्यात पत्रकं ठेवायला गेले, तर कुरवंड्याची ती सासू नातीला कडेवर घेऊन बसलेली.

"ती बाय कुटं हाय?"

"नोकरीला गेली मावशी. लांब."

तिचा चेहरा उतरला. "सांगून तरी जायाचं." तिने गाठोडं सोडून एक लुगडं माझ्या हातात दिलं. "तू धाड तिला. भारीतलं घेतलंया. हिरवा काठ व्हता, त्यो तिला चालायचा न्हाई, म्हनून कापला. कड म्या माज्या हातानं शिवली."

दोन्ही बाजूंना बारीक, एकसारखे टाके होते. डोळे फोडून घातलेले.

"आणि काठ?" मी विचारलं.

"वाया कशाला घालवू? ह्यो बघ की," म्हणत तिने नातीचं तोंड माझ्याकडे वळवलं. पोरीच्या डोक्यावर नवं हिरवं टोपडं होतं.