बाहेरच्या शिवणीचा फ्रॉक

मास्तरांच्या उजव्या पायाला लहानपणापासून फोड येत. डाव्याला कधीच नाही. आई म्हणे, चप्पल चावते. थोरली बहीण म्हणे, "याचा एक पाय राजाचा, एक आमचा." चालणे नको म्हणून त्यांनी शिवणकाम धरले आणि उजव्या तळव्याला मऊ चिंधी गुंडाळून वीस वर्षे पायमशीन चालवले.

लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली, ती जन्मतःच पावलांची कातडी सोललेली. नर्सने काखेत धरून उचलले, तिथे चार बोटांचे चार फोड उमटले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढले. कातडीच्या तळाच्या थरात प्रत्येक पेशीत केराटिन या प्रथिनाचे धागे असतात, दोन जातींचे, एकमेकांना पीळ घातलेले. त्यांच्या बळावर पेशी ताण सोसते. पुढे ती वर सरकते, वाटेत दुसऱ्या जातीचे केराटिन घडवते आणि अखेर मरून वरचे टणक आवरण होते.

"हिच्या तळाच्या दोन धाग्यांपैकी एक सदोष आहे. जरा घासलं की पेशीच फाटते."

"म्हणजे शिवण उसवते?"

"शिवण नाही हो, कापडच."

विरलेल्या कापडात टाका टिकत नाही, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होते.

बाईंची नजर त्यांच्या चिंधीवर गेली. "पायाला काय झालंय?"

"चप्पल चावते."

"एकाच पायाला?"

बापलेकीच्या तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे लागले. मास्तरांच्या थोड्याच पेशींत तो दोष होता. मुलीच्या साऱ्याच पेशींत. गर्भातच तिची कातडी बापाकडून आलेल्या त्या सदोष नमुन्यावर बेतली गेली होती. "यात तुमचा काही अपराध नाही," असे बाई म्हणाल्या. मास्तर कागदावरच्या दोन धाग्यांकडे पाहत राहिले.

घरी त्यांनी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलीचे फ्रॉक शिवले. डोक्यातून ओढावे लागू नयेत म्हणून पुढून पूर्ण उघडणारे. बटणे नाहीत, कापडी बंद. आणि सगळ्या शिवणी बाहेर.

"शिंप्याच्या पोरीला उलटा फ्रॉक," बहीण म्हणाली. "गिऱ्हाइकानं पाहिलं तर दिलेलं कापड परत मागेल."

"तिच्या बाजूनं सुलटाच आहे, ताई."

फोडातले पाणी उकळलेल्या सुईने काढायचे असे. जन्मभर सुई धरलेल्या मास्तरांना ते जमेना. ते बायको करी. मास्तर फक्त फ्रॉकचे बंद बांधत. मुलीला हातांवर घेणे कुणाच्याच वाट्याला नव्हते. उचलायची ती गादीसकट.

चौथ्या महिन्यात पाठीवरची जखम चिघळली. ताप चढला, विष रक्तात उतरले. इस्पितळात पाच दिवस काढल्यावर सहाव्या दिवशी सकाळी तिला घरी आणले, ते अखेरचे न्यायच्या तयारीसाठी.

ताईने धुतलेला फ्रॉक घेतला आणि डोळे पुसत उलटला. शिवणी आत गेल्या. "आज तरी सुलटा घालू दे रे."

मास्तरांनी तो तिच्या हातून काढून घेतला. एक एक बाही ओढून शिवणी पुन्हा बाहेर काढल्या.

"टोचतं तिला," ते म्हणाले.

बंद त्यांनीच बांधले. रोजच्यासारखे सैल, आत बोट जाईल इतके.