चक्कर येणारा डॉक्टर

हातमोज्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणी आला तेवढाच, तोही फार टिकला नाही. पण नवा कटर आला की कातड्यातून बोट कसं कापायचं ते त्याला हेच शिकवायचे. बोट म्हणजे हातमोज्याचं. "आधी मोज्याचं नीट काप, स्वतःचं आपोआप वाचतं," हा त्यांचा ठरलेला विनोद, आणि तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकावाच लागे.

मग कारखाना बंद पडला. मशिनं विकली गेली, आणि मास्तर आपली कात्री आणि मऊ कातड्याच्या तुकड्यांची एक गोणी घेऊन घरी आले.

घरी बसलेल्या माणसाला कामाला लावायची घाई त्याच्यापेक्षा इतरांनाच जास्त असते. मास्तरांच्या मेव्हण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, पाइपांचं गोदाम होतं. "दाजी, एक तारखेपासून दारात बसायचं. खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी. गाडी आली की बघायची, गेली की बघायची. डोक्याला ताप नाही." मेव्हणा मनाने वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर तोंडावर नाही म्हणता आलं असतं. एकदा मास्तर सहज तिकडे गेले, तर त्याने एका गिऱ्हाइकाला ओळख करून दिली, "हे आमचे दाजी. सध्या बसूनच असतात." ते वाक्य मास्तरांच्या घशात अडकून राहिलं होतं. त्या खुर्चीत बसणं म्हणजे ते वाक्य खरं करणं. त्यापेक्षा उपाशी राहू, असं ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "राहा. मी भावाकडे जेवून येईन."

बाहुल्यांचं खूळ तेव्हाच डोक्यात शिरलं. गोणीत मोज्यांची सुटी बोटं पुष्कळ होती. मास्तरांनी एक उचललं, त्यावर दोन डोळे काढले, बायकोच्या मागे लागून नाक शिवून घेतलं आणि बोटात घालून बघितलं. झाला की माणूस! मग पोस्टमन झाला, टोपीवाला स्वयंपाकी झाला, शाळेतल्या बाई झाल्या, गळ्यात नळी लटकवलेला डॉक्टर झाला. मास्तर कापायचे, बायको शिवायची. इतर बाहुल्यांसारखी ही नुसती नळकांडी नव्हती. हाताची बोटं कधी सरळ नसतात, सैल सोडली तरी थोडी वाकलेलीच असतात, म्हणून चांगल्या मोज्याचं बोट मुळातच बाक देऊन कापतात: वरची बाजू लांब, तळव्याकडची आखूड. मास्तरांनी बाहुल्यांनाही तसाच बाक दिला. बाहुली घातली की बोटाला अशी घट्ट धरून बसे की हलवली तरी पडू नये.

पण बाई आभाळाकडे का बघतायत, असं बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं.

"कोण बाई?"

"शाळेतल्या. बोट वाकवलं की मागे पडतात बघा."

"तू शिव," मास्तर म्हणाले. "हातातलं मला कळतं."

तिने दोरा ओवला. तिचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, पण मास्तरांनी आयुष्यात बायकोचं पहिल्या खेपेला कधी ऐकलंच नव्हतं, ते त्या दिवशी का ऐकतील?

पिशवी भरून बाहुल्या झाल्या आणि मास्तर विकायला निघाले. पहिल्या दुकानदाराने डॉक्टर उलटासुलटा करून विचारलं, "सेल कुठे घालायचे?" सेल लागत नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जणू मास्तरांनी चाक नसलेली सायकल आणलीय. दुसऱ्याने वास घेतला. "चामडं? मुलं तोंडात घालतात हो." तिसरा म्हणाला, छान आहे, ठेवून जा. आठवड्याने गेले तर पोस्टमन त्याच्या गल्ल्यावरच्या पेनाला घातलेला, बाकीचे बेपत्ता. पुतण्याने मोबाइलवर फोटो टाकले. त्यावर भरभरून कौतुक आलं, सगळं नातेवाइकांचं. मास्तरांच्या चुलत आत्याने तर हात जोडल्याची चित्रं ओळीने टाकली, विकत मात्र एकही घेतली नाही. संध्याकाळी मास्तर पिशवी खुंटीला अडकवत आणि कोणी काही विचारायच्या आत खेकसत, "काही विचारू नका." कोणी विचारतही नव्हतं, याचाही त्यांना राग येई.

शेवटी चौकातल्या खेळण्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई तयार झाल्या. "रविवारी मुलं येतात. तुम्ही स्वतः खेळ करून दाखवा. आवडलं तर माल घेते, कायमचा घेते." एक तारीख जवळ आली होती. मास्तरांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाचही बोटांत पाच माणसं चढवून काउंटरमागे उभे राहिले. समोर पोरांचा घोळका, मागे आईबाप.

"आता डॉक्टरसाहेब सगळ्यांना नमस्कार करतील," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बोट वाकवलं.

डॉक्टर धाडकन मागे कलंडला.

एक मुलगी किंचाळली, "डॉक्टरच आडवा!" आणि दुकानात एकच हशा पिकला. गोंधळून मास्तरांनी सगळीच बोटं वाकवली. पोस्टमन पडला, स्वयंपाकी पडला, बाई तर टोपीवाल्याच्या अंगावर पडल्या. पोरं पोट धरून लोळायला लागली. आणि त्या गदारोळात मास्तरांच्या डोक्यात लखकन आलं, काय झालंय ते. हातमोज्यावर जे काही मिरवायचं, बक्कल असो की नक्षी, ते नेहमी पंजाच्या वरच्या बाजूला लावतात. तळव्याची बाजू पकडायला. सगळ्या हयातीची सवय. म्हणून बाहुल्यांची तोंडंही त्यांनी नखाच्या बाजूला काढली होती. बोट वाकतं तळव्याकडे, म्हणजे बाहुली पडणार पाठीवरच. साधी नळी असती तर फिरवून घालता आली असती. बाक दिलेली बाहुली फिरत नाही.

आजवर त्यांनी बाहुली सरळ धरून शिवण तपासली होती. वाकवून बघितलीच नव्हती. बोट वाकणारच, त्यात बघायचं काय?

त्यांनी बाहुल्या ओरबाडून काढल्या, पिशवीत कोंबल्या आणि मालकीणबाई मागून हाका मारत असताना थेट घर गाठलं. कान तापले होते. कारखान्यात असा माल एखाद्या शिकाऊ पोराने काढला असता तर मास्तरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं असतं.

"उसव," त्यांनी बायकोला सांगितलं. "सगळं उसव."

"मी पहिल्याच दिवशी..."

"उसव म्हटलं ना!"

मग दोघं कामाला जुंपले. नवी बोटं कापली, तोंडं तळव्याच्या बाजूला आली, जुनी नाकं उसवून पुन्हा शिवली. बायकोच्या बोटांची सुईने चाळण झाली. पण आता डॉक्टर असा अदबीने वाकत होता की बघत राहावं. मास्तर ताठ मानेने दुकानात गेले आणि काउंटरवर त्यांनी नमस्कार करून दाखवला.

मालकीणबाईंनी बघितलं. "आणि ते चक्कर येणारे कुठेयत?"

"ते चुकले होते. हे बरोबर आहेत."

"अहो, पोरांनी डोकं खाल्लंय माझं! पडणारा डॉक्टर पाहिजे म्हणतात. त्या दिवशी तुम्ही पळालात कशाला? नमस्कार करणाऱ्या बाहुल्या माझ्याकडे ढिगाने आहेत, बघा ती फळी. मला पडणारे द्या. एक तारखेच्या आत खोकंभर द्या, पुढे लागतील तसे घेते."

"ताई, तो खराब माल आहे," मास्तर जवळजवळ ओरडलेच. "मी असला माल कधी हातावेगळा केला नाही!"

"मग हा चांगला माल घरी ठेवा," त्या शांतपणे म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

घरी येऊन मास्तरांनी बायकोला सांगितलं तेव्हा तिने हातातली सुई टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "उसव म्हणालात, उसवलं. शिव म्हणालात, शिवलं. आता परत उसवायला सांगितलंत ना, तर मीच जाऊन बसेन त्या खुर्चीत." आणि मग सुई घेऊन बसलीच, दुसरं करणार काय! मास्तर कातड्यावर वाकले. तोंडाची खूण परत नखाच्या बाजूला करायला हात आता धजत नव्हता. कळलेली चूक त्याच्याकडून मुद्दाम करून घेणं म्हणजे छळ होता. दोनदा त्यांनी कात्री फेकली. दोनदा स्वतःच उचलली.

तेवढ्यात मेव्हणा आला. "काय दाजी, परवा एक तारीख. खुर्चीला उशी पण घातलीय." बोलता बोलता त्याने टेबलावरचा एक डॉक्टर बोटात घातला आणि बोट वाकवलं. डॉक्टर मागे पडला. मेव्हण्याने परत वाकवलं. परत पडला. मग हा धिप्पाड माणूस खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "दाजी, काय डोकं आहे हो तुमचं! पेशंटच्या आधी डॉक्टरला चक्कर! कसं सुचलं हे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सुचलं नाही रे, चूक आहे ती, एखादं शिकाऊ पोरही करणार नाही अशी, हे ओठांवर आलं होतं. मालाच्या बाबतीत ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. बायको दोरा दातात धरून त्यांच्याकडे बघत होती.

"मुद्दामच केलंय तसं," मास्तर म्हणाले. "आणि गोदामाला दुसरा माणूस बघ."

मेव्हणा अजून हसत होता. मास्तरांना हसू आलं नाही. त्यांनी मान खाली घातली, नवा तुकडा ओढला, तोंडाची खूण नखाच्या बाजूला केली आणि पुढचं बोट अगदी मन लावून चुकीचं कापलं.