भिंतीला चार भोकं

मुश्ताक होडेकर सत्तावीस वर्षं रास अल खैमात सुतारकाम करतोय, पण तो राहिला त्या एकाही भाड्याच्या घराच्या भिंतीला त्याने भोक पाडलेलं नाही. एकदाच, अगदी पहिल्या खोलीत, मक्केची तसबीर लावायला त्याने खिळा ठोकला होता. मालकाच्या माणसाने तो पकडीने उपटून त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोटाने दाराकडे दाखवलं. तेव्हापासून त्याने बनवलेलं प्रत्येक कपाट, प्रत्येक टेबल स्वतःच्या पायांवर उभं राहतं. स्क्रू काढले की पंधरा मिनिटांत सुटं होतं. गिऱ्हाइकांनाही ते आवडायचं. इथे आज ना उद्या प्रत्येकाला घर बदलायचं असतंच.

ऑक्टोबरमध्ये त्याची फर्निचर कंपनी बंद पडली. नवा व्हिसा मिळाला नाही तर तो, बायको हमीदा आणि मुलगी इन्शा, तिघांनाही रत्नागिरीजवळच्या कर्ल्याला परतावं लागणार होतं. इन्शाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती.

एका शूटिंग क्लबला कायमचा सुतार हवा होता. क्लबचं शस्त्रागार सांभाळणारे सालेम फौजेतून निवृत्त झालेले; सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांनी मुश्ताकचा अर्ज वाचलाच नाही. थेट मागच्या खोलीत नेलं. तिथे सरावात झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करून, त्यांत पुन्हा दारू आणि गोळी बसवायचं काम चाले. क्लबकडे त्याचा परवाना होता. त्या कामासाठी बाकडं हवं होतं.

"बाकडा अच्छा, तो विसा पक्का," कॅप्टन म्हणाले. "यल्ला, शुरू करो."

मुश्ताकने जीव ओतला. चार इंच जाड पाय, वर मरीन प्लायचे दोन थर, कडेला बारीक पट्टी, म्हणजे पुंगळ्या घरंगळून खाली पडणार नाहीत. दारू मोजायच्या तराजूला एसीचा वारा लागू नये म्हणून त्याने तराजूभोवती काचेची पेटी केली, सोनाराच्या दुकानात असते तशी. पायांना रबरी टोप्या बसवल्या. सगळं सुटं करता येण्याजोगं.

कॅप्टननी काचेच्या पेटीवर टिचकी मारली. खूश दिसले. मग बाकड्याच्या पुढच्या कडेला पुंगळीत गोळी दाबून बसवायचा लोखंडी प्रेस लावला, त्यात एक पुंगळी ठेवली आणि प्रेसचा लांब दांडा खाली ओढला. बाकडं पुढे झुकलं. मागचे दोन्ही पाय बोटभर उचलले गेले आणि धप्पकन खाली बसले. ओळीत उभ्या केलेल्या साठ पुंगळ्या आडव्या झाल्या.

"हबीबी, ये तो खाने का टेबल है."

"सर, थोडा वजन डालेगा..."

"टेबल हिलेगा तो तराजू झूठ बोलेगा. दारू ज्यादा गया, तो हात खलास. जुम्मे के पहले ठीक करो, नहीं तो दूसरा आदमी."

त्या दिवशी मंगळवार होता.

घरी येऊन तो स्वयंपाकघराच्या दारात बसला. हमीदा विळीवर नारळ खवत होती. ओट्याला अडकवायची नवी खवणी त्यानेच आणून दिली होती, ती खोक्यातच पडून होती.

"ती कधी वापरणार तू?"

"ती नाचते. नारळाला जोर लावला की ती वर येते," हमीदा म्हणाली. "विळीच्या पाटावर मी बसते, म्हणून ती गप राहते. तुम्ही काय आज नारळाची चौकशी करायला आलात?"

मुश्ताकने तिला सगळं सांगितलं. आठ वाळूच्या पिशव्या खाली ठेवायचा बेतही सांगितला.

"वाळू ठेवा, नाहीतर मला नेऊन बसवा त्या बाकड्यावर. दिवसभर बसेन," हमीदा म्हणाली.

आतून इन्शाचा आवाज आला, "अब्बा, जस्ट बोल्ट इट टू द वॉल."

"भिंतीला?"

"इट्स नॉट अवर फ्लॅट. नोबडी विल से एनीथिंग."

हमीदा हसायला लागली. "बघा. सत्तावीस वर्षांचे सुतार, आणि भिंत आठवली नाही."

मुश्ताक हसला नाही. त्याला खरंच आठवली नव्हती.

बुधवारी सकाळी तो हॅमर ड्रिल घेऊन क्लबवर गेला. भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकत चालला. बहुतेक ठिकाणी ढब्ब आवाज आला; आत पोकळ ब्लॉक. कोपऱ्यापासून चार हातांवर आवाज एकदम टणक झाला. आत काँक्रीटचा खांब. बाकडं सरकवून त्याने त्या खांबाशी आणलं, रबरी टोप्या काढून टाकल्या, पेन्सिलीने चार फुल्या मारल्या. ड्रिल टेकवलं आणि थांबला.

बाहेर जाऊन कॅप्टनना विचारून आला, "सर, दीवार में होल करेगा. चलेगा?"

"तुम्हारा बाकडा, तुम्हारा दीवार. मेरे को क्यूं पूछता?"

धूळ उडाली. चार भोकं, चार अँकर बोल्ट. पाना फिरवताना शेवटच्या बोल्टाशी त्याचा श्वास जरा चढला होता.

कॅप्टननी साठ पुंगळ्या पुन्हा ओळीत उभ्या केल्या. दांडा ओढला. पुन्हा ओढला. मग काम करत राहिले, जणू मुश्ताक खोलीत नव्हताच. मुश्ताकची नजर पुंगळ्यांवर होती. विसावी झाली, तिसावी झाली. प्रेसमध्ये जाणारी सोडली तर एकही जागची हलली नाही. चाळिसावीला कॅप्टननी मान वर केली.

"घर में कितना आदमी?"

"तीन, सर. मैं, वाइफ, लडकी."

"कल तीनों का पासपोर्ट कॉपी लाओ," कॅप्टन म्हणाले आणि पुढची पुंगळी उचलली. "और वो काच का डिब्बा, अच्छा है."