विमानाच्या घड्याळांवरची सही

लढाईच्या दिवसांत आमच्या लोणावळ्याच्या दुकानात विमानांची घड्याळं दुरुस्तीला येत. माझे यजमान घड्याळजी. पुण्याकडच्या विमानतळावर कामाचा रेटा वाढला, तेव्हा तिथला एक मिस्त्री, मूळचा सुदुंबऱ्याचा, दर आठवड्याला लोकरीत गुंडाळलेली पाच-सहा घड्याळं पेटीतून आणू लागला. काळी तबकडी, अंधारात चमकणारे आकडे आणि एक जादा लाल काटा. उडताना वैमानिक तो त्या वेळेवर लावून ठेवी, म्हणजे हवेत किती वेळ झाला ते एका नजरेत कळे. एकदा चावी दिली की आठ दिवस पुरायची.

आमच्याकडच्या दमट हवेत पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. म्हणून घड्याळ उघडलं की मी चाकं धुऊन, शेगडीच्या उबेत सुकवून ह्यांच्या हातात द्यायची.

त्या वर्षी ह्यांना हिवताप झाला. ताप उतरला, पण हाताला कंप राहिला. चाकाच्या टोकाखाली बसवायचा माणकाचा बारीक खडा चिमट्यातून तिसऱ्यांदा खाली पडला, तेव्हा ह्यांनी भिंग काढून माझ्यापुढे ठेवलं. बघून बघून जुळणी मला येत होती. त्या दिवसापासून घड्याळं मी जुळवायची आणि चिठ्ठीवर सही ह्यांनी करायची.

"भाऊ, तुमच्या हातचं काम लय चोख," मिस्त्री म्हणायचा. हे खाली बघायचे.

एकदा चहा पिता पिता मी त्याला विचारलं, "विमानात एवढं अचूक घड्याळ कशाला लागतं?"

"वैनी, ढगात खालचं कायबी दिसत न्हाई. मग वेगावरनं आन् मिनिटांवरनं हिशेब करायचा, की आता घाट मागं पडला. मग खाली उतरायचं. घड्याळ मदीच अडलं, तर सपाटीच्या जागी डोंगर येतोय."

तो गेल्यावर मला काही सुचेनासं झालं. दुसऱ्या खेपेला तो येण्याआधी मी ह्यांना म्हटलं, "त्यांना खरं सांगा. नाहीतर मी चिमटा हातात धरणार नाही."

ह्यांनी सांगितलं. उभ्यानंच, एका दमात. मिस्त्रीनं कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि तयार घड्याळं पेटीत भरून निघून गेला.

तीन आठवडे तो फिरकला नाही. हे रोज दुकान उघडायचे, पण गिऱ्हाइकाशी धड बोलायचे नाहीत.

मग तो आला. आमच्याकडून गेलेली सगळी घड्याळं, विमानांतून उतरवून आणि कोठारातून काढून, विमानतळावर पुन्हा तपासली होती. "बाकी ठीक हाईत. एकच वाईट," असं म्हणत त्यानं ते बाकावर ठेवलं. आडवं ठेवलं की बिनचूक चालायचं. विमानात असतं तसं उभं केलं, की तासाभरानं अडायचं आणि आपोआप पुन्हा चालू व्हायचं.

ह्यांनी पाठ उघडली. आत दुरुस्तीची खूण कोरलेली होती. मी खूण कधी कोरत नसे. मी ओळखलं.

"हे माझं," हे म्हणाले. "हात नुकता कापायला लागला होता. उभं करून बघायला हवं होतं. नाही बघितलं."

मिस्त्रीनं पेटीतून चिठ्ठी काढली. "कुटल्या इमानात बसवण्याआधी, कोठारातच सापडलं, भाऊ," तो म्हणाला. "सायबानं सांगितलंय, काम ज्याचं, सही त्याची."

चिठ्ठी त्यानं माझ्याकडे सरकवली. तोवर मी कुठल्याच कागदावर सही केली नव्हती. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. हे शेजारी उभे होते. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद धरून ठेवला.

लढाई संपेपर्यंत मी ते काम केलं. प्रत्येक घड्याळ एक दिवस आडवं आणि दोन दिवस उभं ठेवून हे कान लावून ऐकायचे. कान त्यांचा शाबूत होता. त्यांनी मान हलवल्याशिवाय मी सही करत नसे.

एका पावसाळ्यात आमच्या घड्याळाचं एक विमान परतलं नाही. मिस्त्रीनं एवढंच सांगितलं. कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आणलेल्या पेटीत सहा घड्याळं होती, मी पहिलं उघडायला घेतलं.