पाइपातला वानोळा

एकट्या माणसाकडं किस्से फार साचतात. घरात दुसरं माणूस असलं की किस्सा संध्याकाळच्या चहाबरोबर संपून जातो. पंचफुला, माझी बायको, होती तेव्हा मी कॉलेजातून यायचो, चपला काढता काढता दिवसभराचं सगळं सांगून टाकायचो, ती "बरं मंग?" म्हणायची आणि विषय मिटायचा. आता "बरं मंग?" म्हणायला घरात कुणी नाही. त्यामुळे एकेक किस्सा तसाच पडून राहतो. आज तुम्ही आपणहून बसलाच आहात, तर ऐकून जा. सगळे किस्से आमच्या जवळा बाजार गावातल्या गल्लीतले, आणि सगळ्यांचं मूळ एका प्लास्टिकच्या पाइपात!

मी ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. गल्ली मला 'सर' म्हणते, मीही कधी दुरुस्त केलं नाही. पंचफुला गेली आणि पुढच्याच वर्षी मी रिटायर झालो. पोरगा नितीन पुण्यात असतो. आईचा पाय घसरू नये म्हणून त्यानं मागच्या परसात सिमेंटचे ब्लॉक बसवून दिले होते. मोरीच्या पाण्यावर तिचा पुदिना होता, तोही त्या ब्लॉकखाली गेला.  त्यानंतर घरात चिमूटभर मातीसुद्धा उरली नाही.

तर रिकामपणात मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजीपाला! पाइपाला भोकं, भोकात ग्लास, ग्लासात रोप, खालून खताचं पाणी फिरतं ठेवायचं, बस्स. म्हटलं, आयुष्यभर पोरांना प्रयोगाचं सामान काढून दिलं, आता एक प्रयोग आपणच करू.

*

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालक आमचा जुना विद्यार्थी, प्रॅक्टिकलला हमखास टेस्ट ट्यूब फोडणारा. म्हटलं, "चार इंची पाइप दे. आणि त्याला एका ओळीनं गोल भोकं पाडून दे."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग ड्रिल मशीन शोधत शोधत गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, भोक पडलं म्हनून लोकं पाइप बदलून न्यायला येतात. तुमी नव्या पाइपाला भोकं पाडून न्यायलेत!"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगू? पंचफुला गेल्यापासून चारचौघांत हसायची ती पहिलीच वेळ होती. मला ते घरी आल्यावर, पाइप भिंतीला लावून ठेवताना लक्षात आलं.

*

रोप ग्लासात उभं राहायला माती नको, पण काहीतरी आधार लागतो. व्हिडिओत कसलंतरी विकतचं मटेरियल होतं. आमच्याकडं महादेवाचं मंदिर आहे आणि मंदिरामागं नारळाच्या शेंड्यांचा ढीग आहे!

पुजारी जोशीकाका आमच्याच गल्लीत राहतात. मी विहारात जाणारा, ते मंदिरातले, पण वर्तमानपत्र आम्ही दोघांत एकच घेतो. शेंड्या मागितल्या तर काका एकदम गंभीर झाले. "न्या की. पण वाठोरे, या देवाच्या शेंड्या आहेत. पहिलं पीक देवाला आणायचं."

"काका, कोथिंबीर लावतोय. महादेवाला कोथिंबीर वाहतात का?"

काकांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "महादेवाला न्हाई चालत. पुजाऱ्याला चालते!"

*

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अंगणात मांडायचं, घरात कशाला? अहो, आमच्याकडं वानरं आहेत. गच्चीवर वाळवण टाकलं तर राखणीला माणूस बसवावा लागतो, आणि माझ्याकडं माणूसच नाही. म्हणून पाइप आला थेट पुढच्या खोलीत, टीव्हीच्या जागी. वर एक एलईडी ट्यूब, खाली बादली, बादलीत फिश टँकचा छोटा पंप. पंप सुरू झाला की खोलीत पाण्याचा बारीक आवाज चालू राहायचा. मला तो आवाज फार आवडला. मोरीत कुणीतरी भांडी घासतंय असं वाटायचं.

समोर कुशावर्ताबाई राहतात. पंचफुलाची मैत्रीण. जीभ धारदार, नजर त्याहून धारदार. भर दुपारी ट्यूब जळतेय, घरात पाण्याचा आवाज येतोय आणि सर पाइपात तोंड घालून बसलेत, एवढं त्यांनी खिडकीतून बघितलं आणि सरळ पुण्याला फोन लावला!

"नितीन, बाबा, लवकर ये. तुह्या बापानं घरात पाइप मांडला. दिवसा लाइट लावून त्याच्यासंगं बोलून राहिला!"

पाचेक मिनिटांत नितीनचा व्हिडिओ कॉल. "बाबा, बरे आहात ना?" मी कॅमेरा फिरवून रोपं दाखवली. धने फुटून जेमतेम दोन दोन पानं आली होती. तो बघत राहिला, मग म्हणाला, "बाबा, घर बंद करा आणि इकडं या. काय करता एकटे तिथं?"

"पंप बंद पडला तर झाडं वाळतील रे."

"अहो बाबा, कोथिंबीर बाजारात मिळते!"

"मिळते की. पण बाजारातल्या कोथिंबिरीला माझी गरज नाही."

 

*

कुरुंद्याला पुतणीचं लग्न होतं आणि नेमकं त्याच दिवशी लाइनच्या कामासाठी दिवसभर लाइट जाणार होती. पंप बंद म्हणजे मुळं कोरडी. मी काय केलं, सगळे ग्लास बाहेर काढले, बादलीत खताचं पाणी घेतलं, त्यात ग्लास उभे केले आणि बादली मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलो. शेजारची बाई कळवळून म्हणाली, "भाऊ, काय तकलीफ हाय? काहून असं धरून बसले?" मी म्हटलं, "पेशंट आहे, सांभाळून बसा." ती बिचारी कुरुंद्यापर्यंत अंग चोरून बसली!

मंडपात बादली एका कोपऱ्यात ठेवली आणि जेवायला बसलो. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडं आहेर माइकवर पुकारतात. पहिला घास तोंडात जातोय तोच भोंगा कडाडला, "आयुष्मान वाठोरे सर यांच्याकडून नवरदेव-नवरीला एक बादली! कोथिंबिरीसहित!"

टाळ्या वाजल्या हो! नवरदेवानं बादली हातात धरून फोटोसुद्धा काढला. आता काय करता? मी हात धुतले, स्टेजवर चढलो, खिशातलं पाकीट पुतणीच्या हातात ठेवलं आणि बादली उचलून खाली उतरलो. तेव्हापासून कुरुंद्यात माझी ओळख एकच आहे, 'दिलेला आहेर वापस नेणारे सर'.

*

कोथिंबीर आली. अशी आली की खिडकी दिसेना! पहिली तोडणी झाली की वानोळा द्यायचा, ही आपल्याकडची पद्धत. शेतातलं, परसातलं पहिलं निघालं की आधी शेजारी द्यायचं, मग आपण खायचं. पंचफुलानं ही पद्धत कधी मोडली नाही. मी बाजारातून कॅरीबॅगा आणल्या, एकेक जुडी भरली आणि गल्लीत सगळ्यांकडं देऊन आलो.

जोशीकाकांनी जुडीचा वास घेतला आणि शंका काढली. "वानोळा मातीतला असतो. पाइपाचा वानोळा मी तरी आजवर ऐकला न्हाई." असं म्हणून जुडी आत घेऊन गेले.

घरी आलो, दार उघडं ठेवलं, खुर्ची दारात टाकली. वानोळा गेला की माणसं येतात, हे मला पंचफुलाच्या वेळेपासून माहीत होतं. कुणी कढी घेऊन यायचं, कुणी लोणचं, कुणी नुसतं बोलायला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दार लोटून घेतलं. उगाच कशाला लपवू, फार वाईट वाटलं. आपण एवढं पिकवलं ते कोथिंबिरीसाठी नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं. गल्लीतून एक "बरं मंग?" ऐकू यावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता. मी नितीनला फोन करून सांगितलं, "पुढच्या तोडणीनंतर येतो पुण्याला. तिकीट काढ."

कुशावर्ताबाई नळावर भेटल्या. म्हटलं, "बाई, वानोळा पोचला ना? कुणी काही बोललंच नाही."

"पोचला. कोथिंबीर झ्याक व्हती."

"मग कुणी आलं कसं नाही?"

त्यांनी हंडा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. "सर, तुमी पिसवीत दिली. पिसवी वापस द्यायला कोन येते? पंचफुला काय येडी व्हती काय, हर बारी वाटीत द्यायला? वाटी गेली की वाटीमागं मानूस येते, आन् रिकामी वाटी कोनी आनत न्हाई!"

इतकी वर्षं बायकोनं केलेला प्रयोग मला एकदाही समजला नव्हता.

*

पुढच्या तोडणीला भांडी काढायला गेलो तर फडताळात एकही वाटी नाही! पंचफुला प्रत्येक भांड्यावर नाव घालून घ्यायची, तिच्या नावाच्या किती वाट्या होत्या. आता उरलं होतं ते सगळं थोराड. मग काय, एक जुडी परातीत, एक कुकरच्या डब्यात, एक चहाच्या पातेल्यात. जोशीकाकांच्या वाट्याला परात आली. काका म्हणाले, "वाठोरे, ही कोथिंबीर आहे का लग्नाची पंगत?"

पण परात परत आली! काकू स्वतः घेऊन आल्या, परातीत चार पुरणपोळ्या. पातेल्यातून शेंगदाण्याची चटणी आली. कुकरचा डबा वरणानं भरून आला आणि आणणारी माणसं घटकाभर बसली, पाइपात वाकून बघून गेली. दोन दिवस माझ्या घरात चपलांचा आवाज होता. बोलता बोलता कुणी विचारलं, "आता काय लावून राहिले सर?" म्हटलं, "काही नाही. उद्या पुण्याला निघालो. कायमचा."  कुणी "जाऊ नका" म्हणालं नाही. कोणत्या हक्कानं म्हणतील?

*

आता हा शेवटचा किस्सा. सगळ्यांत छोटा आहे.

निघायच्या दिवशी सकाळी पंपाची पिन काढायला वाकलो होतो, तेवढ्यात कुशावर्ताबाई दारात. पदराखाली काहीतरी झाकलेलं. म्हणाल्या, "सर, हे तुमचं. लई दिवसाचं माह्यापाशी राहिलं."

स्टीलची वाटी. कडेला बारीक ठिपक्यांत नाव, 'पंचफुला'. मी ती दोन्ही हातांत घेतली.

"ती गेल्यावर वापस देणार व्हते," बाई म्हणाल्या. "पर रिकामी कशी द्यावं? आन् भरून देवावं त घरात खाते कोन? तुमी त जेवतच नव्हते. असंच समद्याच्या घरी राहिल्या तिच्या वाट्या."

वाटी रिकामी नव्हती. काठापर्यंत काळी माती भरली होती आणि मातीत पुदिन्याची एक काडी उभी होती, टोकाला दोन पानं.

"तिच्याच हातचा हाय. ह्याच वाटीत आनून देल्ता, तुमची फरशी बसायच्या आधी. माह्याकडं समदीकडं पसरला."

मी म्हटलं, "बाई, पण मी तर आज निघालो."

त्यांनी माझ्या बॅगेकडं बघितलं. ट्यूबकडं बघितलं. मग दाराकडं वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काडी लागू द्या, फुटू द्या. घाई न्हाई. मंग वाटी वापस पाठवा. आन् सर, रिकामी पाठवू नका."

"अहो बाई, वाटी तर आमचीच आहे!"

"व्हय," त्या म्हणाल्या, "म्हनूनच."

थोड्या वेळानं नितीनचा फोन आला. "बाबा, निघालात ना? गाडीची वेळ झाली."

वाटी माझ्या हातात होती. मागं पंप चालू होता.

म्हटलं, "नाही रे. शेजारी एक वाटी द्यायची राहिलीय."

 नितीन म्हणाला, "बरं. मग?"